फेरेटला किबलवरून कच्च्या मांसावर कसं आणायचं? (नर साडेतीन वर्षांचा, मादी सात महिन्यांची)

लेस्टरची_मृ

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये असते, घरात दोन फेरेट (मुंगसासारखा लांबट, मांसाहारी पाळीव प्राणी) आहेत. नर साडेतीन वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन १५२० ग्रॅम. मादी सात महिन्यांची, ७८० ग्रॅम. दोघंही पहिल्यापासून किबलवर (पिशवीतलं कोरडं, दाणेदार तयार खाद्य). पिशवीवर प्रथिनं ३६ टक्के आणि मेद १९ टक्के लिहिलंय, पण घटकांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर वाटाण्याचं पीठ आहे. नराच्या दाढांवर किटण चढलंय. डॉक्टरांची कच्च्या मांसाला हरकत नाही, पण 'नीट माहिती काढून करा' एवढंच म्हणाले.

मादी कोंबडीचा तुकडा उचलून पळते. नर वास घेतो, नाक फिस्कारतो आणि वाटीवर जमिनीतली माती ओढल्यासारखे पंजे मारून निघून जातो.

विचारायचंय ते असं: नराला सवय कशी लावायची? हाड, कलेजी वगैरेंचं प्रमाण काय? इथे कुत्र्यांसाठी '८०-१०-१०' (८० टक्के मांस, १० हाड, १० अवयव) लिहिलेला गोठवलेला खिमा सहज मिळतो, तो चालेल का? आणि घरात दोन वर्षांचं मूल आहे, शिवाय सासूबाई शाकाहारी. फ्रीजरचा एक कप्पा मला मिळालाय, त्यापलीकडे काही मिळणार नाही.

थेम्सकाठ

मादीची काळजी सोडा, ती दोन-तीन आठवड्यांत येईल. अन्न कशाला म्हणायचं हे फेरेट वासावरून ठरवतो, आणि ती यादी त्याच्या पहिल्या काही महिन्यांत पक्की होते. तुमच्या नराच्या यादीत मांस नाहीच. त्याला ते आवडत नाही असं नव्हे, ते खाण्याची वस्तू आहे हेच त्याला कळलेलं नाही. म्हणून 'भूक लागली की खाईल' हा कुत्र्यांचा नियम इथे लावू नका. मांस समोर असताना फेरेट उपाशी राहतो, आणि त्याला उपाशी ठेवणं धोक्याचं असतं. सलग चार तासांच्या वर पोट रिकामं नको.

सुरू करण्याआधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. दोघांचं वजन रोज एकाच वेळी, खाण्याआधी करून लिहून ठेवा. नर १४४५ ग्रॅमच्या खाली गेला (म्हणजे पाच टक्के) तर एक पायरी मागे यायचं. १३७० पर्यंत गेला तर सगळं थांबवून पूर्ण किबल द्यायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. यात एक गोम आहे. फेरेटचं वजन ऋतूप्रमाणे बदलतं, थंडीकडे वाढतं आणि वसंतात आपोआप उतरतं. मार्च-एप्रिलमध्ये बदल सुरू केला तर वजन ऋतूमुळे उतरतंय की उपासामुळे, हे कळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, तेव्हा भूकही वाढलेली असते.

आता नराची पद्धत. कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस २० ग्रॅम, त्याच्या नेहमीच्या किबलची पूड ५ ग्रॅम आणि कोमट पाणी १० मिली मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटा. मांडीचंच घ्या. छातीच्या मांसात चरबी फारशी नसते, वासही कमी. हे चाटण अंगाइतकं, ३७-३८ अंश गरम हवं. फ्रीजमधलं थंड मांस बहुतेक फेरेट हुंगतही नाहीत. गरम करायला पिशवीत बंद करून नळाच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्ह नको, त्यात कडा शिजतात आणि पुढे हाडाचं मांस द्याल तेव्हा हाड कडक होतं. ती सवय आत्तापासूनच लावू नका.

किबल तीन तास आधी उचला. तो झोपून उठला की लगेच चाटण द्या, कारण उठल्याबरोबर त्याला सगळ्यात जास्त भूक असते. बोटावर मसुराएवढं घेऊन त्याच्या खालच्या ओठाच्या आत, पुढच्या दातांना लावा. तो जीभ फिरवेल, तोंड वाकडं करेल, मग पुन्हा चाटेल. एका वेळी तीन-चार बोटं पुरेत. पंधरा-वीस मिनिटांत वाटीला तोंड लावलं नाही तर वाटी उचला आणि किबल परत द्या. रागावून किबल बंद करायचं नाही. सिरिंजने घशात ढकलणं तर नकोच. श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि त्या वासाची भीती बसली की महिनाभराचं काम पाण्यात जातं.

रोज दोनदा हे करत राहा. स्वतःहून चाटायला लागला की दर तीन-चार दिवसांनी किबलची पूड एकेक ग्रॅम कमी करा. पूड गेली की पाणी कमी करा. मग बारीक वाटण्याऐवजी जाडसर खिमा. मग खिम्यात वाटाण्याएवढे दोन-तीन तुकडे लपवा. तुकडे बाजूला काढून ठेवतो तर अजून लहान करा. शेवटी बोटाएवढ्या लांब पट्ट्या, ज्या बाजूच्या दातांनी कापाव्या लागतात. किटणाचा प्रश्न तिथे थोडा सुटतो, खिम्याने काहीच सुटत नाही. आत्ता दातांवर आहे ते मात्र डॉक्टरांकडून साफ करूनच घ्या.

किती दिवस लागतील? साडेतीन वर्षांच्या नराला दोन ते तीन महिने धरा. काही जण दहा दिवसांत येतात, पण त्या हिशेबाने घाई करू नका.

एक मांस धरून ठेवा. पहिले तीन आठवडे फक्त कोंबडी, मग दर आठ-दहा दिवसांनी एक नवीन: टर्की, ससा, कोकरू, बीफ. नवीन मांस पहिल्यांदा जुन्यात एकदशांश मिसळायचं. शेवटी तीन-चार प्रकारचं मांस ओळखीचं झालं पाहिजे, नाहीतर दुकानात कोंबडी संपली की तुमची पंचाईत.

थेम्सकाठ

प्रमाणाचं वेगळं लिहितो, वरचा प्रतिसाद फार लांबला.

पूर्ण मांसावर आल्यावर ढोबळ हिशेब असा: ८० टक्के मांस, १० टक्के खाता येण्याजोगं हाड, ५ टक्के कलेजी, ५ टक्के गुर्दा किंवा तिल्ली. ८० टक्क्यांच्या आतच हृदय १०-१५ टक्के धरायचं, टॉरिनसाठी (फेरेटला खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल). पेटा (कोंबडीचं गिझर्ड) आणि हृदय दोन्ही मांसात मोजायचे. 'अवयव आहे' म्हणून हृदयाला कलेजीच्या खात्यात टाकणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

एक किलोचा घाणा:
कोंबडीचे पंख २४० ग्रॅम (पंखात साधारण ४६ टक्के हाड असतं, म्हणजे ११० ग्रॅम हाड मिळतं)
हृदय १५० ग्रॅम
कलेजी ५० ग्रॅम
कोकराचा गुर्दा ५० ग्रॅम
बाकी ५१० ग्रॅम बिनहाडाचं मांस, त्यात थोडी चामडी आणि चरबी राहू द्या

वाटायचं यंत्र नसेल तर पंख वेगळे ठेवा. आठवड्यातले तीन-चार दिवस एका जेवणाला पंखाचा तुकडा आणि बाकी जेवणांना बिनहाडाचं, असा हिशेब आठवड्यावर जुळवला तरी चालतो. पंखाचा टोकाकडचा भाग आधी द्या, हाड तिथे सगळ्यात मऊ. सुऱ्याच्या पाठीने थोडं ठेचून दिलं की नवशिक्याला धीर येतो. लावा पक्ष्याची फासळी आणि मानही छान. गायी-मेंढीची नळी नको, दात फुटतात. आणि शिजवलेलं हाड कधीच, कुठल्याही परिस्थितीत नाही. शिजलं की ते ठिसूळ होऊन टोकदार तुकडे पडतात.

रोज किती? मोठ्याला वजनाच्या ५ ते १० टक्के, वाढत्या पिल्लाला त्याहून जास्त. तुमच्या नराला ११०-१२० ग्रॅमपासून आणि मादीला ८०-९५ ग्रॅमपासून सुरुवात करा, तीन-चार जेवणांत वाटून. फेरेट सहसा पोट भरलं की थांबतो, म्हणून वाटीत थोडं उरेल इतकं द्या आणि उरलेलं मोजा. आकडा तिथूनच ठरेल.

कुत्र्यांचा ८०-१०-१० खिमा पाया म्हणून चालेल, पण लेबल वाचा. भाजी, बटाटा, रताळं असेल तर परत ठेवा. इथल्या कायद्याप्रमाणे लेबलवर 'कम्प्लीट' (पूर्ण आहार) किंवा 'कॉम्प्लिमेंटरी' (फक्त पूरक) लिहावं लागतं. ८०-१०-१० बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि 'कम्प्लीट' असला तरी तो कुत्र्यासाठी पूर्ण असतो. कुत्रं टॉरिन स्वतः बनवतं, त्यामुळे कुत्र्याच्या खाण्यात ते वेगळं घालायची सक्ती नसते. म्हणून त्या खिम्यात दहावा हिस्सा हृदय स्वतः मिसळा. दुसरं, खिमा वितळताना जे लालसर पाणी सुटतं ते ओतून देऊ नका. टॉरिन पाण्यात विरघळतं, तेच तुम्ही मोरीत घालवाल.

फ्रीजर कप्प्याचं: बर्फाच्या मोठ्या ट्रेमध्ये ३० ग्रॅमच्या वड्या पाडा, गोठल्या की झाकणाच्या डब्यात भरा. एका फेरेटच्या एका जेवणाला एक वडी. घट्ट झाकण असलं की सासूबाईंनाही डबा बघवेल. वितळवणं फ्रीजमध्ये, सगळ्यात खालच्या फळीवर, दुसऱ्या डब्यात. चोवीस तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका.

आयंडहोव्हन_प्राणिवैद्य

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत. वैद्यकीय बाजू जोडते.

फेरेटचं आतडं आखूड असतं, सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) नसतो, आणि खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. तंतू आंबवून त्यातून काही मिळवायची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून वाटाण्याचं पीठ त्याच्या फार उपयोगाचं नाही. पिशवीवरच्या ३६ टक्क्यांत वाटाण्याची प्रथिनं धरलेली असतात, त्यामुळे तो आकडा दिसतो तितका चांगला नाही. अमेरिका-कॅनडात अलीकडे फेरेटमध्ये सिस्टाइनचे मूतखडे जास्त दिसू लागले आणि शेंगवर्गी प्रथिनांवर संशय घेतला जातोय. त्यामुळे मांसावर आणायचं जमलं नाही तरी हे किबल बदला.

नर साडेतीन वर्षांचा आहे, म्हणून बदलाच्या आधी रक्तातली साखर तपासून घ्या. या वयापासून इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातली इन्सुलिन सोडणारी गाठ, बऱ्याच फेरेटमध्ये निघते. उपाशीपोटी साधारण ९० ते १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असायला हवी, ६० च्या खाली असेल तर गाठीचा दाट संशय. तुमच्याकडचा अहवाल मिलिमोलमध्ये येईल, तिथे ३.३ च्या खाली. तपासणीसाठीचा उपास डॉक्टर सांगतील तेवढाच, घरी लांबवायचा नाही. लक्षणं: मागचे पाय लटपटणं, शून्यात बघत बसणं, लाळ गळणं, तोंडाला पंजे घासणं. असा प्राणी कोसळला तर हिरड्यांना बोटभर मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा. अशा प्राण्याला 'तीन तास किबल उचला' ही पायरीच लागू नाही, त्याच्यासमोर खाणं सतत हवं.

किबलमधल्या पिष्टामुळे इन्सुलिनोमा होतो असं ठामपणे लिहिलेलं तुम्ही ठिकठिकाणी वाचाल. तर्क पटण्यासारखा आहे, पण ते सिद्ध झालेलं नाही. मांसावर आणलं म्हणजे गाठ होणार नाही असं समजून तपासण्या सोडू नका.

शी रोज बघायची. मांसावरची शी किबलपेक्षा कमी, गडद आणि कमी वासाची असते. पांढुरकी, खडूसारखी, चुरा होणारी असेल तर हाड जास्त झालं: पुढची दोन जेवणं बिनहाडाची. गडद आणि सैल असेल तर कलेजी-गुर्दा जास्त किंवा एकदम दिला: निम्मा करा. कलेजी नेहमी शेवटी आणायची, सुरुवात वाटाण्याएवढ्या तुकड्याने. हिरवट, चिकट शी बदलाच्या काळात एखाद-दुसरा दिवस दिसते, कारण अन्न फार भरभर पुढे सरकलेलं असतं. दोन दिवसांच्या वर टिकली किंवा प्राणी मलूल झाला तर दाखवा. काळी, डांबरासारखी शी म्हणजे वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्तस्राव. त्यात घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

आणखी दोन गोष्टी ज्या 'पौष्टिक' म्हणून चुकतात. एक, कलेजी. ५ टक्क्यांहून जास्त महिनोन्महिने दिली तर अ जीवनसत्त्व साचतं आणि हाडांवर परिणाम होतो. दुसरी, माशाचं तेल. चव लावायला दोन थेंब ठीक. रोज चमचा घातलं, त्यात बाटली उघडी राहून खवट झालेली, तर ई जीवनसत्त्व संपतं आणि मिंक (फरसाठी पाळला जाणारा प्राणी) आणि फेरेटच्या कुळात अंगातल्या चरबीचाच दाह होतो. कच्चा मासा रोजचा नकोच, बऱ्याच माशांत थायमिन मोडणारं एन्झाइम असतं. अंडं आठवड्याला एक, पुरे.

बिनहाडाच्या खिम्यावर कोणालाही लांब ठेवू नका. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, मग शरीर ते हाडांतून काढतं. वाढत्या मादीत तर काही आठवड्यांतच त्रास सुरू होतो. निम्मं किबल चालू आहे तोवर कॅल्शियम तिकडून मिळतं. किबल निम्म्याखाली गेलं आणि हाड अजून जमत नसेल तर एक किलो बिनहाडाच्या मांसाला अंड्याच्या टरफलाची मैद्यासारखी बारीक पूड ६ ग्रॅम घाला. टरफलं आधी दहा मिनिटं उकळून वाळवा.

लेस्टरची_मृ

बाप रे, खूप खूप आभार. मादीने पंख हाडासकट संपवला. साखर तपासली, नराची ५.६ मिलिमोल, म्हणजे तुमच्या मापात १०१ आली.

नर आता चाटण चाटतोय, पण पूड ५ वरून ३ ग्रॅमवर आणली की बंद. परत ५ केली की चालू. इथेच अडकलोय. आणि मादी पट्ट्या सोफ्यामागे नेऊन ठेवते. मूल तिथेच रांगतं-खेळतं.

थेम्सकाठ

पूड कमी करण्याऐवजी तिची जागा बदला. मिसळायची नाही, वर भुरभुरायची. नाकाला पहिला वास किबलचा येतो आणि जिभेला खाली मांस लागतं. दोन ग्रॅममध्ये पूर्ण वाटी झाकली जाते. तिथून एक, मग चिमूट. तेही अडलं तर वाळवलेल्या मांसाची पूड, फ्रीझ-ड्राय केलेली, किबलच्या पुडीत अर्धीअर्धी मिसळून वर टाका. गोड फेरेट-पेस्ट आमिष म्हणून लावू नका. तिने काम होतं, पण साखरेच्या नादाने.

लपवण्यावर उपाय एकच: जेवण पिंजऱ्यात आणि दार बंद. खाली धुता येणारी चटई, त्यावर जड चिनीमातीची वाटी. अर्ध्या तासाने दार उघडण्याआधी हॅमॉक, झोपायची पिशवी आणि लीटर ट्रेमागचा कोपरा हाताने चाचपायचा. मोठा तुकडा ओढून नेण्याचा मोह जास्त होतो, म्हणून खोलीत मोकळं असताना फक्त खिमा. हाडाचा पंख पिंजऱ्याच्या जाळीला क्लिपने अडकवला तर तिथेच उभं राहून चावतात.

उरलेलं किती वेळ ठेवायचं यावर इथे भांडणं होतात. माझं मत: उन्हाळ्यात दोन तास, थंडीत चार. किबल घातलेलं ओलं चाटण त्याहून लवकर फेका, ओल्या पिष्टात जंतू झपाट्याने वाढतात.

जर्सीकर

मी अमेरिकेतून लिहितोय, आणि इथे दोन वर्षांपूर्वीचा सल्ला मी आज जसाच्या तसा देणार नाही. कारण एच५एन१ बर्ड फ्लू. डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगॉनमध्ये कच्चं गोठवलेलं टर्कीचं खाणं खाऊन एक मांजर दगावलं, आणि मांजराच्या अंगातला व त्या खाण्यातला विषाणू जुळला. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने (अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था) पोल्ट्री किंवा गुरांपासूनचे कच्चे पदार्थ वापरणाऱ्या कुत्र्यामांजरांच्या खाद्य-उत्पादकांना आपल्या सुरक्षा-योजनेत हा विषाणू धरायला सांगितलं. फेरेटचं काय? प्रयोगशाळेत फ्लूचा अभ्यास फेरेटवर करतात तो उगीच नाही, त्याला माणसाचा फ्लूसुद्धा सहज होतो. त्याचाच भाऊबंद मिंक: स्पेनच्या गॅलिसियात २०२२ मध्ये एका मिंक फार्मवर हा विषाणू पसरला होता.

गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. साल्मोनेलाही मरत नाही. 'तीन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवलं की सुरक्षित' हे काही परजीवींपुरतं खरं आहे, जंतू-विषाणूंना लागू नाही.

म्हणून ज्यांच्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांना मी शिजवलेला मार्ग सुचवतो. बिनहाडाचं मांस आतून ७४ अंशांपर्यंत शिजवा, थर्मामीटर घालून बघा, रस्सा टाकू नका. मग थंड झाल्यावर किलोमागे ६ ग्रॅम टरफलाची पूड आणि दीड ग्रॅम टॉरिन. कलेजी ५ टक्के तीच. कायमचं करायचं असेल तर मांजरांसाठी बनवलेलं पूरक मिश्रण वापरा, कारण शिजवण्यात ब जीवनसत्त्वंही जातात आणि जस्त-मँगनीज घरच्या अंदाजाने जुळत नाही. हाड मात्र यात नाही, त्यामुळे दातांचा फायदा विसरा.

थेम्सकाठ

जर्सीकर, मुद्दा मान्य, पण सगळ्या मांसाला एकच माप लावू नये. इथे माणसांच्या खाण्यासाठी विकली जाणारी कोंबडी आणि कोणीतरी मारून आणलेलं रानबदक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रानबदक, कबुतर, फेझंट मी सध्या कोणालाच कच्चे द्यायला सांगणार नाही. ज्याला शंका आहे त्याने पक्षी सोडून ससा, कोकरू आणि अख्खे गोठवलेले उंदीर यांवर जावं. छर्‍याने मारलेला ससा मात्र घेऊ नका, शिशाचे कण पोटात जातात. जाळ्यात पकडलेला किंवा पाळीव घ्या. रानातला असेल तर पट्टकृमींसाठी उणे २० वर दहा दिवस गोठवून मग द्या.

आयंडहोव्हन_प्राणिवैद्य

मी दोघांच्या मध्ये उभी आहे. दोन वर्षांचं मूल घरात असेल तर प्रश्न मांसापेक्षा फेरेटच्या तोंडाचा आणि शीचा आहे. कच्चं खाणारा प्राणी स्वतः ठणठणीत असून साल्मोनेला बाहेर टाकू शकतो. जेवल्यावर तासभर मुलाजवळ सोडू नका, मुलाचं तोंड चाटू देऊ नका, ट्रे रोज साफ करा, वाट्या स्वयंपाकाच्या बेसिनमध्ये धुऊ नका. हे काटेकोर जमणार नसेल तर शिजवलेलं द्या, त्यात कमीपणा नाही. कच्चं डुक्कर मात्र कुणीही कुठेही देऊ नका. ऑजेस्की नावाचा रोग त्यातून येतो आणि मांसाहारी प्राण्यांत तो जवळजवळ नेहमी जीवघेणा असतो. ब्रिटन त्यातून मुक्त आहे, पण मांस आयातही होतं.

अख्ख्या भक्ष्याबद्दल: इकडे नेदरलँड्समध्ये गोठवलेली एक दिवसाची कोंबडीची पिल्लं पाळीव प्राण्यांच्या दुकानात सर्रास मिळतात. पिल्लू ३५-४० ग्रॅमचं, म्हणजे एक जेवण. हाड, अवयव, मांस यांचा हिशेब करावा लागत नाही. पण पिल्लाची हाडं पुरती भरलेली नसतात, कॅल्शियम मोठ्या प्राण्यापेक्षा कमी, म्हणून फक्त त्यांच्यावर ठेवू नका. आठवड्याला दोन-तीन पुरे. पक्षी म्हणून वरची फ्लूची चर्चा त्यांनाही लागू. मोठा उंदीर पोषणाने जास्त पूर्ण. जिवंत काहीही द्यायचं नाही, इंग्लंडमध्ये ते २००६ च्या प्राणी-कल्याण कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतं, आणि चावा बसला की फेरेटच जखमी होतो.

कोथरूडकर

पुण्यात फेरेट पाळणाऱ्यांसाठी एक ओळ जोडतो. आपल्याकडे दुकानात कोंबडी डोळ्यांदेखत कापतात, म्हणून लोकांना ती ताजी आणि म्हणून निर्धोक वाटते. पण सगळ्यांना तोच ठोकळा, तोच सुरा आणि तेच पाणी, आणि मांस थंड न करता पिशवीत. कच्चं द्यायचं तर ते घरी आणून लगेच फ्रीजमध्ये टाकायला हवं. मे महिन्यात वाटी अर्ध्या तासात उचलायला हवी. तीस अंशांच्या वर फेरेटला स्वतःलाच उष्माघात होतो, तो आधी एसीत असू द्या, आहार नंतर बदलू. कलेजी-पेटा मागितलं की दुकानदार हृदय त्यातच घालतो, घरी वेगळं करून मोजा.

आणि लेस्टरताई, सासूबाईंनी 'शाकाहारी फेरेट' विचारलं तर सरळ नाही म्हणा. सोया खाऊन हा प्राणी जगत नाही.

लेस्टरची_मृ

सासूबाईंनी विचारलंच होतं. :)

भुरभुरण्याची युक्ती चालली, नर आता चिमूटभर पुडीवर आहे. शेवटचा प्रश्न. डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जाणार आहोत. फेरेट ठेवतात त्या ठिकाणी फक्त किबल देतात, मांस हाताळत नाहीत. तोवर दोघं पूर्ण मांसावर असतील तर?

थेम्सकाठ

मग पूर्ण मांसावर आणूच नका. नराची वासाची यादी तुम्ही आत्ता कष्टाने वाढवलीत, त्यातून किबल गळू देऊ नका. मादी अजून लहान, महिनोन्महिने किबल दिसलंच नाही तर ती उद्या तेच नाकारेल. रोजच्या खाण्याचा दहावा हिस्सा किबल कोरडंच, वेगळ्या वाटीत, रात्रीच्या वेळी ठेवा. नराला अकरा-बारा ग्रॅम, मादीला आठ-नऊ. तुम्ही झोपलेले असता तेव्हा पोट रिकामं राहत नाही, हा वरचा फायदा.

वाटाण्याचं पीठ नसलेलं नवीन किबल आत्ताच निवडा आणि जुन्यात मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदला. ऐन नोव्हेंबरात नको. जाण्याच्या दहा दिवस आधीपासून मांस कमी करत किबल वाढवा: पहिले तीन दिवस एकतृतीयांश, पुढचे तीन निम्मं, शेवटी सगळं. किबलवर पाणी दुपटीहून जास्त लागतं. तिथे बाटलीच्या जोडीला जड वाटीत पाणी ठेवायला सांगा, मांसावरचे फेरेट बाटली चोखायचं सोडून देतात. दोघांची जातानाची वजनं कागदावर लिहून द्या आणि नराच्या आकड्यापुढे १३७० लिहून ठेवा, त्याखाली गेला तर त्यांनी डॉक्टरांना फोन करायचा.

परत आल्यावर पहिल्या दिवशी थेट पंख देऊ नका. चाटणाची एक वाटी, वर चिमूटभर पूड, आणि दोघं पूर्वीसारखे खातायत हे बघून चार-पाच दिवसांत हाडावर या.

आयंडहोव्हन_प्राणिवैद्य

+१. आणि जाण्याआधी नराचे दात साफ करून घेणार असाल तर ते आणि किबलवरचा बदल एकाच आठवड्यात ठेवू नका. भूल दिल्यानंतर तो खात नसेल तर कारण दातांचं की खाण्याचं, हे कळायला हवं.